जखमी जनावराच्या मागावर कुत्रा

नेमबाज कितीही पट्टीचा असो, गोळी लागलेलं प्रत्येक जनावर जागच्या जागी कोसळत नाही. चाप ओढायच्या क्षणी हरीण एक पाऊल पुढे टाकतं, गोळी फांदीला चाटून वळते, तिन्हीसांजेच्या उजेडात अंतर चुकतं, आणि पोटात किंवा पायात गोळी घेऊन जनावर झाडीत शिरतं. गोळी फुफ्फुसात लागली असेल तर ते थोड्याच अंतरावर पडतं. आतड्यात लागली असेल तर तासन्‌तास जिवंत राहतं. जबडा फुटला असेल तर उपासमारीने मरायला त्याला कित्येक दिवस लागतात. शिकार असावी की नसावी हा मोठा वाद आहे. पण ज्या देशांत ती कायदेशीर आहे, तिथे जखमी जनावर शोधून त्याचे हाल थांबवणं ही बंदूक उचलणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे, याबद्दल दुमत व्हायला जागा नाही. या कामाला माणसाचे डोळे पुरत नाहीत. कुत्र्याचं नाक लागतं, आणि ते नाक तयार करावं लागतं.

तयार करायचं म्हणजे नेमकं काय, यावर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि त्यांच्या शेजारच्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या खल चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कुत्र्याला रक्ताचा वास ओळखायला शिकवत असतील. तो तर पिल्लालाही कळतो. शिकवायचं असतं ते वेगळंच. वाटेत ताजे, मोहात पाडणारे दहा वास आडवे येत असताना कालच्या एकाच शिळ्या मागाला चिकटून राहायचं. आणि कुत्र्याइतकंच त्याच्यामागे दोरी धरून चालणाऱ्या माणसालाही शिकावं लागतं. या विषयावरचं बरंचसं लेखन कुत्र्याबद्दल असतं. माझ्या मते निम्मा विषय माणसाचा आहे.

वासाने माग काढणं जुनंच. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने सशाच्या शिकारीबद्दल लिहिताना हिवाळ्यातल्या पहाटेच्या गोठलेल्या दवात वास दबून राहतो आणि ऊन चढल्यावर मोकळा होतो, असं नोंदवलं आहे. मध्ययुगात युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या शिकारीत एक खास कुत्रा असे. लांब दोरीला बांधलेला हा कुत्रा पहाटे न भुंकता रानात फिरायचा आणि मोठं नर हरीण कुठल्या झाडीत बसलं आहे ते दाखवायचा. जखमी जनावराशी त्याचा संबंध नव्हता. धडधाकट जनावराचा थंड माग काढणं एवढंच त्याचं काम. पुढे दरबारी शिकारी ओसरल्या, बंदुका सुधारल्या, आणि या कुत्र्याला नवं काम मिळालं. हॅनोव्हरच्या दरबारी शिकारखात्यातल्या वनरक्षकांनी एकोणिसाव्या शतकात त्याच्यापासून हॅनोव्हर श्वाइसहुंड ही जात घडवली. हा मोठ्या कानांचा, कपाळाला आठ्या असलेला, संथ आणि गंभीर कुत्रा. या जातीसाठी 1894 मध्ये ‘फेराइन हिर्शमान’ ही संस्था स्थापन झाली. आल्प्सच्या कड्यांवर हा कुत्रा जड पडू लागला, म्हणून स्थानिक डोंगरी कुत्र्यांशी संकर करून बव्हेरियन माउंटन हाउंड ही हलकी जात आली. तिची संस्था 1912 मध्ये म्युनिकला निघाली. आज या दोन जातींशिवाय केसाळ डॅशहाउंड, जर्मन वायरहेअर पॉइंटर, लॅब्रॅडॉर असे कितीतरी कुत्रे हे काम करतात. जातिवंत कुत्रा असला की काम सोपं होतं, पण नुसत्या वंशावळीवर माग निघत नाही.

जनावर चालतं तेव्हा मागे नेमकं काय राहतं? रक्त हा त्यातला सर्वांत ठळक भाग आणि सर्वांत बेभरवशाचा. गोळी आरपार गेली नाही तर रक्त आतल्या आत साचतं. रानडुकराच्या कातडीखालच्या जाड चरबीने जखमेचं तोंड बुजतं आणि पहिल्या शे-दोनशे मीटरनंतर थेंबही पडत नाही. याउलट खुरांचा वास प्रत्येक पावलाला उरतोच. खुराने माती फुटते, गवत चिरडतं, त्यातून ओल आणि रस बाहेर येतात, त्यावर सूक्ष्मजीव काम सुरू करतात. त्या जागेचा वास शेजारच्या न तुडवलेल्या जमिनीपेक्षा वेगळा होतो. जर्मन श्वानप्रशिक्षक कोनराड मोस्ट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्राच्या चाकाने, माणसाचा पाय न लागू देता माग उमटवला. कुत्रे त्यावरही चालले. तुडवलेल्या जमिनीचा वास किती महत्त्वाचा आहे ते तेव्हापासून स्पष्ट आहे.

याखेरीज हरणांच्या पुष्कळ जातींत खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असतात आणि त्यांचा स्राव पावलोपावली जमिनीला लागतो. कुत्रा एका हरणाला दुसऱ्यापासून वेगळं काढतो ते बहुधा याच्या जोरावर, असं हे काम करणारे मानतात. जखमी, घाबरलेल्या जनावराचा वासही बदलतो, असाही त्यांचा अनुभव आहे. मला ते पटण्याजोगं वाटतं, पण प्रयोगशाळेतलं बहुतेक काम माणसांच्या मागावर झालं आहे, हरणांच्या नाही, हे विसरून चालणार नाही.

त्या कामातले दोन प्रयोग मात्र मागामागे चालणाऱ्या प्रत्येकाने वाचावेत असे आहेत. 1993 मध्ये नॉर्वेतल्या थेसेन, स्टेन आणि ड्योविंग या संशोधकांनी जर्मन शेफर्ड कुत्र्यांना गवतावरच्या वीस मिनिटं जुन्या आणि काँक्रीटवरच्या तीन मिनिटं जुन्या मागाला आडवं आणलं. कुत्रे आधी भराभर शोधत. माग सापडताच त्यांची चाल मंदावे, तीन ते पाच सेकंद ते दोन ते पाच पावलं बारकाईने हुंगत आणि मग योग्य दिशेने निघत. 2005 मध्ये बेलफास्टच्या हेपर आणि वेल्स यांनी दाखवलं की माणूस कुठल्या दिशेने गेला हे ठरवायला कुत्र्याला पाच पावलं पुरतात, तीन पुरत नाहीत. या शोधांचा रानातला अर्थ सरळ आहे. कुत्रा थबकून जमीन हुंगतो त्या चार-पाच सेकंदांत त्याला दोरीने ओढू नये. तो विचार करत असतो. नवखा माणूस नेमका तेव्हाच ‘चल, चल’ करतो.

शिकवण्याच्या पद्धतींत मुख्य भांडण याच प्रश्नाचं आहे: रक्ताने शिकवावं की खुराने? रक्ताची पद्धत सर्वांत जास्त प्रचारात आहे, कारण ती सोपी आहे. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून थेंब टाकत जायचं किंवा काठीच्या टोकाला स्पंज बांधून दर पावलाला जमिनीवर टिपायचं. दुसरी पद्धत खुरांच्या बुटांची. बुटाच्या तळाशी खाच असते, तिच्यात मेलेल्या हरणाचे किंवा डुकराचे पाय खुरांसकट घट्ट बसवायचे आणि ते बूट घालून रानातून चालायचं; रक्त अगदी थोडं शिंपडायचं किंवा अजिबात नाही. तिसरी सर्वांत जुनी, हॅनोव्हरच्या शिकारखात्यातली. तिच्यात कृत्रिम काहीच नसतं. वनरक्षक पहाटे दुर्बिणीतून एक हरीण कुठून कुठे गेलं ते पाहून ठेवतो आणि काही तासांनी तरुण कुत्र्याला दोरीला लावून तोच थंड माग चालायला लावतो. वाटेत दुसऱ्या हरणांचे माग आडवे येतातच, आणि नेमकं तेच हवं असतं.

मी खुराच्या बाजूचा आहे. नुसत्या रक्तावर वाढलेला कुत्रा थेंब संपले की गोंधळतो, आणि खऱ्या रानात थेंब संपतातच. शिवाय खाटकाकडून आणलेलं गुराचं रक्त शिंपडलं की कुत्रा दोन गोष्टींचा माग शिकतो: गुराच्या रक्ताचा आणि ते शिंपडत गेलेल्या मालकाच्या बुटांचा. त्यातली एकही गोष्ट त्याला पुढे उपयोगी पडत नाही. जुनी हॅनोव्हर पद्धत सर्वांत खरी, पण तिला रोज रानात राहणारा माणूस लागतो. शहरात नोकरी करून शनिवार-रविवारी सराव घेणाऱ्याला खुरांचे बूट हाच चांगला मार्ग. रक्त वापरायचंच तर ज्या जनावराचे खूर त्याच जनावराचं. एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी: रानडुकराचं कच्चं रक्त आणि मांस कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. डुकरांत औएस्की नावाचा विषाणुजन्य रोग असतो. डुक्कर त्यातून निभावतं, कुत्र्याला मात्र तो जवळजवळ नेहमीच मारतो.

पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं झालं की सुरुवात होते. हरणाच्या काळजाचा तुकडा दोरीला बांधून गवतातून दहा-वीस पावलं ओढत न्यायचा, शेवटी हरणाच्या कातड्याचा तुकडा आणि त्यावर खाऊ. पिल्लू उड्या मारत पळालं तर ओढीचा माग वाकडातिकडा करायचा, म्हणजे नाक खाली ठेवल्याशिवाय त्याला कातडं सापडत नाही. वेग मारणं हे पहिल्या वर्षाचं खरं काम. मग अंतर वाढतं, मागाचं वय वाढतं: दोन तास, पाच तास, मग रात्रभर. ओढा, कच्चा रस्ता, पाइनच्या वाळक्या सुयांची जमीन, मुद्दाम टाकलेलं काटकोनी वळण येतं. आठवड्यातून एक माग पुष्कळ होतो. रोज माग टाकणाऱ्यांचे कुत्रे कंटाळतात आणि कामचलाऊ होतात.

माग सुरू करायच्या आधी कुत्र्याच्या गळ्यात एक रुंद, खास पट्टा घालतात, आणि त्याला आठ-दहा मीटरची दोरी. हा पट्टा दुसऱ्या कुठल्याही वेळी घालायचा नाही, फिरायला नेतानाही नाही. पट्टा चढला की आता पळापळ नाही, हे कुत्र्याला काही महिन्यांत कळतं.

खरं काम गोळी लागलेल्या जागेपासून सुरू होतं आणि तिथे पहिली परीक्षा माणसाची असते. शिकाऱ्याने ती जागा तुडवलेली नसली तर नशीब. गुडघ्यांवर बसून पाहावं लागतं. फिकट लाल, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुफ्फुस. गडद, तपकिरी झाक असलेलं म्हणजे यकृत. हिरवट चोथा आणि आंबूस वास म्हणजे पोट किंवा आतडी. हाडाची नळीसारखी किरच सापडली तर पाय मोडला आहे. केस कुठल्या रंगाचे आणि किती लांब, यावरूनही गोळी अंगाच्या कुठल्या भागात लागली ते सांगता येतं. यावरच थांबायचं किती ते ठरतं. आतड्यात लागलेल्या जनावरामागे लगेच निघालं तर ते उठून कोसभर जातं आणि कायमचं हरवतं. चार-सहा तास थांबलं तर बहुतेकदा पहिल्याच आडोशाला निजलेलं सापडतं. या थांबण्यात कुत्र्याचा वाटा काहीच नाही, तरी अर्धं यश त्यातच आहे. कित्येकदा कुत्रा अर्धा किलोमीटर चालतो आणि कुठेही रक्त, केस, निजल्याची जागा दिसत नाही. गोळी लागलीच नव्हती हे कळतं. ते कळणंही मोलाचं असतं.

कुत्रा निघाला की माणसाने त्याच्या दोरीकडे, शेपटीकडे आणि मानेकडे पाहायचं. मागावर असलेल्या कुत्र्याचा ओढा एकसारखा, जड असतो. ताजा माग आडवा आला की डोकं वर येतं, चाल हलकी होते, दोरीला हिसका बसतो. शेवटची खात्रीची खूण दिसली तिथे झाडाला रंगीत फीत बांधायची, म्हणजे चुकलं तर तिथे परतता येतं. आपल्याला ठाऊक असलेल्या मागावर सराव घेण्यात धोका इथे आहे. कुत्रा चुकला की माणूस नकळत पाय रोवतो, बरोबर गेला की दोरी सैल सोडतो, आणि कुत्रा वासाऐवजी दोरी वाचायला शिकतो. म्हणून काही महिन्यांनी दुसऱ्याने टाकलेल्या, आपल्याला अजिबात माहीत नसलेल्या मागावर जावंच लागतं. तिथे बहुतेक माणसं कुत्र्याला खेचून चुकीच्या बाजूला नेतात, कारण त्यांना पक्कं वाटतं की जखमी हरीण चढाला लागणार नाही. ते लागतं.

जर्मन शिकारी कुत्र्यांच्या महासंघाची परीक्षा या कसोटीवरच बेतलेली आहे. किमान 1000 मीटरचा माग, त्यावर रक्त फार तर पाव लिटर, आणि माग टाकून किमान 20 तास, म्हणजे रात्र उलटून गेलेली. चाळीस तासांच्या मागाची वेगळी, अधिक अवघड परीक्षा आहे, आणि खुरांच्या बुटांवरची आणखी निराळी. कुत्रा भरकटला तर परीक्षक त्याला परत बोलावतात. तशी संधी दोनदाच. पाव लिटर रक्त किलोमीटरभर पसरलं की पावलागणिक जेमतेम टिपका उरतो, तोही रात्रभराच्या दवाने धुतलेला. अशी परीक्षा पास झालेल्या कुत्र्याला लोक तयार कुत्रा समजतात. जाणकार उलट सांगतात, की इथून पुढे शिकणं सुरू होतं. परीक्षेचा माग शांत असतो. त्याच्या शेवटी जिवंत, घाबरलेलं, सुळे असलेलं डुक्कर नसतं.

कारण काही माग मेलेल्या जनावरापाशी संपत नाहीत. पाय मोडलेलं डुक्कर उठून पळालं तर कुत्र्याला दोरीतून सोडावं लागतं. त्याने ते गाठून, भुंकत एका जागी रोखून धरायचं, माणूस पोचेपर्यंत. मग शेवटची गोळी. यात कुत्रे फाटतात, माणसंही जखमी होतात. आता कुत्र्यांना सुळ्यांपासून वाचवणारी भडक नारिंगी जाकिटं आणि उपग्रहावरून ठावठिकाणा सांगणारे पट्टे असतात. जर्मनीत 2019-20 च्या हंगामात 8 लाख 80 हजारांहून अधिक रानडुकरं मारली गेली. यावरून या कामाचा पसारा आणि त्यातली जोखीम लक्षात यावी. हाक्याच्या शिकारीनंतरच्या दिवसांत आणि रस्त्यावर गाडीने उडवलेल्या हरणांसाठी माग काढणाऱ्या या माणसांचे फोन रात्री-बेरात्री वाजतात. बहुतेक जण पैसे घेत नाहीत.

कायद्यानेही याला आधार दिला आहे. जर्मनीच्या केंद्रीय शिकार कायद्याचं कलम 22अ सांगतं की जखमी जनावराला अनावश्यक वेदना होऊ नयेत म्हणून त्याला विनाविलंब मारावं. स्वीडनमध्ये मोठ्या जनावरांच्या शिकारीला निघतानाच असं शिकवलेलं कुत्रं दोन तासांत जागेवर येऊ शकेल याची सोय करावी लागते. नॉर्वेत मूस, रेड डिअर आणि रो डिअरच्या शिकारीला परीक्षा उत्तीर्ण कुत्र्याची व्यवस्था सक्तीची आहे. डेन्मार्कमध्ये अशा कुत्र्यांची सरकारी नोंदवही आहे. अमेरिकेत हे उशिरा आलं. हरणांमागे कुत्रे सोडणाऱ्या चोरट्या शिकारीला आळा घालायचा म्हणून तिथे बहुतेक राज्यांनी हरणांच्या शिकारीत कुत्र्यांवर सरसकट बंदी घातली होती, आणि दोरीला बांधलेला मागकाढू कुत्राही त्या बंदीत सापडला. इतिहासाचे प्राध्यापक जॉन जॅनेनी यांनी जर्मन डॅशहाउंड घेऊन न्यूयॉर्क राज्यात सत्तरच्या दशकात परवान्यावर प्रयोग सुरू केले, आणि 1986 मध्ये त्या राज्यात ही पद्धत कायदेशीर झाली. नंतर एकामागून एक राज्यांनी दोरीची अट घालून परवानगी दिली.

आपल्याकडे शिकारी कुत्रा म्हटलं की मराठवाड्यातला कारवान किंवा सीमेपलीकडचा मुधोळ आठवतो. हे कुत्रे नजरेचे. उघड्या माळावर ससा दिसला की वाऱ्यासारखे सुटतात. शिळ्या मागावर खाली मान घालून तासभर चालणं हा त्यांचा पिंड नाही. नाकाच्या कामाचं आपल्या वाचकांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे जिम कॉर्बेट यांचा रॉबिन, जखमी बिबट्याच्या मागावर त्यांच्यासोबत चालणारा स्पॅनियल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद होत गेली आणि ती विद्याही गेली. शिकारबंदी योग्यच होती. पण त्याच कायद्याच्या कलम 11 खाली महाराष्ट्रात पिकांची नासधूस करणारी रानडुकरं आणि रोही परवानगीने मारता येतात. परवानगी आहे म्हणजे जखमी होऊन निसटणारी जनावरंही असणारच. रात्री ऊस-तुरीत शिरलेलं जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी कापणीला गेलेल्या बाईच्या अंगावर येऊ शकतं. अशा वेळी माग काढायला जाणार कोण, याची व्यवस्था परवानगीसोबतच व्हायला हवी.

कुत्रे आणि शिकवणारे हात आपल्याकडे आहेत. वन्यजीव-व्यापारावर नजर ठेवणारी ‘ट्रॅफिक’ ही संस्था आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांच्या उपक्रमातून 2008 पासून वनखात्यांना वन्यजीव गुन्ह्यांसाठी जर्मन शेफर्ड आणि नंतर बेल्जियन मॅलिनॉ मिळाले. त्यांतल्या अनेकांचं प्रशिक्षण ग्वाल्हेरजवळ टेकनपूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात झालं. ते वाघाची हाडं, बिबट्याचं कातडं हुडकतात आणि चोरट्या शिकाऱ्याचा मागही काढतात. त्यांतल्या काहींना खुरांचा माग शिकवणं अशक्य नाही. फासकीत अडकून वायर कंबरेत रुतलेल्या अवस्थेत निसटलेला बिबट्या उपचारासाठी शोधायलाही तीच विद्या लागते, आणि तिथे शेवटी गोळी नसते, भुलीचं इंजेक्शन असतं. खरी अडचण सामानाची आहे. सरावाला त्याच जनावराचे खूर, कातडं, रक्त हवं, आणि आपल्याकडे मेलेलं वन्य जनावर सरकारी मालमत्ता आहे. खाजगी माणसाने डुकराचे पाय डीपफ्रीजमध्ये ठेवले तर गुन्हा होईल. त्यामुळे हे काम खात्याच्या आतच सुरू होऊ शकतं. रस्त्यावर गाडीखाली मेलेली रोही आणि डुकरं पंचनाम्यानंतर जाळली-पुरली जातात. त्यांचे चार खूर आणि कातड्याची एक पट्टी श्वानपथकाकडे नोंद करून देण्याचा आदेश निघाला, तर पहिल्या मागासाठी लागणारं सगळं हाताशी येईल.